शंका-समाधान : टर्बोवर आळ घेण्याआधी

प्रश्न : माझी २०१५ची १.३ लिटर डिझेल गाडी १ लाख ३० हजार किलोमीटर चालली आहे. सर्व्हिसिंगला इंटरकूलरचा होज काढला तर आतून ऑइल ओघळलं. मिस्त्री म्हणतात, टर्बो गेला, नवीन बसवा. धूर नाही, पिकअपही ठीक आहे. खर्च करायचा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आत्ता तरी नको. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि इंटरकूलर म्हणजे ती तापलेली हवा थंड करणारी जाळी. गाडी ओढते आहे आणि धूर नाही, म्हणजे नीट तपासायला तुमच्याकडे वेळ आहे. ऑइल दिसलं की टर्बो बदला हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात अडचण अशी की ऑइल दुसरीकडून येत असेल तर नवा टर्बोसुद्धा काही महिन्यांत तसाच ओला होतो.

फिल्टरच्या डब्यापासून टर्बोच्या तोंडापर्यंत जाणारी नळी काढा. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर काढणारी, नळी येऊन मिळते ती याच भागात. प्रत्येक इंजिनात जळलेला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या कप्प्यात उतरतो. प्रदूषणाच्या नियमांमुळे तो बाहेर सोडता येत नाही, म्हणून तो ऑइलच्या बारीक तुषारांसकट पुन्हा इंजिनालाच पाजतात. त्यामुळे टर्बोच्या आधीची नळीच ओली असेल तर ते ऑइल ब्रीदरमधून आलेलं आहे. आधीची बाजू कोरडी आणि पुढची ओली, असं असेल तरच टर्बोकडे बोट दाखवा.

बोटाला ओशटपणा लागणं हा दोष नव्हे. लाखभर किलोमीटरमध्ये इंटरकूलरच्या तळाशी दोन-चार चमचे ऑइल साठतंच. होज पुसून कोरडा करा, डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा उघडा. नुसता ओलावा असेल तर सोडून द्या. होज उघडताच ऑइल ओघळलं आणि पातळीही दिसण्याइतकी उतरली असेल, तर पुढे जा.

पहिली शंका डिपस्टिकवर घ्या. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटांनी पाहा. वरच्या खुणेच्या पलीकडे ऑइल असेल तर क्रँक (पिस्टनखाली फिरणारा दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून ढकलला जातो. सर्व्हिसिंगला ऑइलचा अख्खा डबा इंजिनात ओतण्याच्या सवयीमुळे हे फार वेळा घडतं. जास्तीचं ऑइल काढा, बाकी काही करू नका.

मग एअर फिल्टर. टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसतं. पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक लोखंडी रिंग असते आणि ती मुख्यतः दाबाच्या फरकावर ऑइल अडवते. फिल्टर तुंबला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ऑइल रिंगेपलीकडे खेचलं जातं. टर्बो धडधाकट असूनही ऑइल सोडतो तो असा.

तिसरी जागा बहुतेक जण विसरतात : टर्बोच्या खालून चेंबरमध्ये ऑइल परत नेणारी जाड नळी. ऑइल आत येतं दाबाने, पण परत जातं केवळ उताराने. ही नळी कार्बनने अरुंद झाली, वाकली किंवा तिच्या गॅस्केटला लावलेला सिलिकॉन आत फुगून बसला, तर ऑइल तुंबतं आणि मिळेल त्या फटीतून निघतं. या जोडाला सिलिकॉन कधीही लावू नये, फक्त नवं गॅस्केट. चेंबरमधला दाब वाढला तरी परतीची वाट अशीच अडते, म्हणून ब्रीदरची नळी आणि ऑइल वेगळं करणारा कप्पाही साफ करून घ्या.

हे सगळं ठीक निघालं तरच टर्बोचा दांडा हलवून पाहा, इंजिन पूर्ण थंड असताना. आडवा किंचित खेळ असतोच, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगतो. पण पुढे-मागे खेळ बोटांना जाणवला, किंवा पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो गेला. बदलताना ऑइल आणणारी नळी आणि तिचा पोकळ बोल्ट साफ करा किंवा नवे घ्या, तांब्याचे वॉशर नवेच लावा. टर्बोत आधी हाताने थोडं ऑइल ओता, इंधन तोडून दहा-पंधरा सेकंद स्टार्टर फिरवा, मग इंजिन सुरू करून काही मिनिटं रेस न देता चालू ठेवा.

आता इंटरकूलर धुण्याबद्दल, कारण यात जिवाशी खेळ होऊ शकतो. तो गाडीवरून उतरवून रॉकेलने दोन-तीनदा खळखळून घ्या, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि तोंडं खाली करून रात्रभर निथळू द्या. आत रॉकेल, डिझेल किंवा साठलेलं ऑइल राहिलं तर डिझेल इंजिन तेच जाळून स्वतःहून पळू लागतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण त्याचं इंधन इंजेक्टरमधून येतच नसतं. असं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ऑटोमॅटिक गाडीत ही सोय नाही. तिथे हवेची वाट सपाट, मजबूत वस्तूने बंद करणं हाच उपाय. हात लावू नका, ओढ हाताला सोडत नाही.

जोडताना क्लिपा आणि ओ-रिंगा नव्या घ्या. ऑइलने होजचं रबर फुगून मऊ पडतं. तो दाबल्यावर पिचपिचीत लागला तर बदला, नाहीतर चढावर जोडातून निसटतो.

प्रश्न : एक लिटर पेट्रोल गाडी. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साठतं. पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनातला वायू परत हवेच्या वाटेत सोडणारा) नवा बसवला, दोन महिन्यांत पुन्हा तेच. आंबा घाट उतरल्यावर रेस दिली की निळा धूरही येतो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हे दोन वेगळे आजार दिसतात. फिल्टरच्या डब्यातून टॅपेट कव्हरकडे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाकडे) जाणारी नळी खरं तर ताजी हवा आत नेण्यासाठी असते. डब्यात ऑइल येतं म्हणजे वारा उलटा वाहतो आहे : चेंबरमध्ये तयार होणारा वायू पीसीव्हीच्या वाटेने पुरेसा जात नाही.

वॉल्व्ह नवा असला तरी त्याच्या पुढची नळी आतून चिकटलेली किंवा कव्हरमधला ऑइल अडवणारा पत्रा काळ्या गाळाने बुजलेला असू शकतो. वॉल्व्ह उलट्या दिशेने बसवला गेला नाही ना, हेही पाहा. इंजिनात बसणाऱ्या टोकाकडून तोंडाने फुंकलं तर हवा जायला हवी, दुसऱ्या टोकाकडून नाही. मग इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर कागद ठेवा. तो हलकेच चिकटला तर वाट मोकळी आहे. उडाला तर एक पारदर्शक नळी यूच्या आकारात धरून अर्धी पाण्याने भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट लावा. बाहेरच्या बाजूचं पाणी वर चढलं आणि रेसबरोबर वाढत गेलं, तर दाब आहे. एक सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण अर्धा सेंटिमीटर चढ आणि दुसरीकडे तेवढाच उतार, म्हणून दोन्ही पातळ्यांमधलं अंतर मोजा. आता ब्रीदरच्या नळ्या सुट्या करून पुन्हा बघा. दाब गेला तर नळ्याच तुंबल्या आहेत. तरीही भकाभका वायू येत राहिला तर रिंगा.

खात्री कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून करा : सगळे प्लग काढून, इंधन तोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वाढला तर रिंगा, जैसे थे राहिला तर त्या सिलिंडरचे वॉल्व्ह.

घाटाचा धूर मात्र वॉल्व्ह गाइडच्या सीलचा, म्हणजे सिलिंडरच्या वॉल्व्हच्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या सीलचा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असताना मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) ओढ सर्वांत जास्त असते, झिजलेल्या सीलमधून ऑइल खाली झिरपतं आणि पाय ठेवताच जळतं. रिंगांचा धूर चढावर, जोर पडल्यावर दिसतो. ही सीलं हेड न उतरवताही बदलता येतात. प्लगच्या भोकातून हवा भरून वॉल्व्ह वर धरून ठेवतात. हे काम येणारा मिस्त्री शोधा, हेड उतरवण्याची मजुरी वाचेल.

प्रश्न : बीएस-६ डिझेल, पुण्यात रोज सहा-सात किलोमीटर. ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय!
— एक वाचक, पुणे

उत्तर : वाढतंय ते ऑइल नव्हे, डिझेल. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारतात. छोट्या फेऱ्यांत ती जाळणी अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते आणि न जळलेलं डिझेल भिंतींवरून चेंबरमध्ये उतरतं. पातळ झालेलं, पातळी चढलेलं ऑइल मग ब्रीदरमधून हवेच्या नळीत. पातळी वरच्या खुणेपार गेली की नुसतं उपसू नका, ऑइल आणि फिल्टर बदला. मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमी राखेच्या (जळल्यावर कमी राख सोडणाऱ्या) दर्जाचंच घ्या. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने गाडी चालवा.

प्रश्न : धुवून वापरायचा कापडी एअर फिल्टर बसवला. आठवड्यात चेक इंजिन दिवा लागला, पिकअप पडला. नळीत तेलकट थर आहे.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : हे इंजिनाचं ऑइल नाही, फिल्टरला चोपडलेलं तेल आहे, आणि ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं आहे. सेन्सर काढून त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने दहा-बारा फवारे मारा, वाळू द्या, कापूस किंवा बोट लावू नका. ब्रेक क्लीनर वापरू नका, प्लास्टिक जातं. धुळीच्या रस्त्यांवर कंपनीचा कागदी फिल्टरच बरा. तोच परत बसवा.