नात ‘लाईक’ म्हणते तेव्हा

प्रश्न : ताई, सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आलोय. बँकेत 35 वर्षं इंग्रजीत पत्रं खरडली, पण 13 वर्षांच्या नातीचं बोलणं डोक्यावरून जातं. परवा म्हणाली, ‘शी वॉज लाईक, नो वे! अँड आय वॉज लाईक, ओके, यू नो?’ मी विचारलं, बाळा, कुणाला काय आवडलं? तर हसत सुटली. इंग्रजी बिघडलंय की माझंच शिकायचं राहिलं?
– एक आजोबा, मूळचे सांगलीचे

उत्तर : काका, पुण्यात मी 11 वर्षं मेडिकल ट्रान्सक्रिप्शन केलं, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं काम. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल आणि पलीकडे अमेरिकेतला कुणी डॉक्टर पेशंटची हकिगत भराभर सांगतोय. ‘अं’, ‘यू नो’, ‘सॉर्ट ऑफ’ टाइप करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मी ते तांदळातल्या खड्यांसारखे वेचून टाकायचे. एकदा ‘पेन फॉर लाईक टेन डेज’मधला ‘लाईक’ही टाकला. तपासणाऱ्या मॅडमनी फाइल परत पाठवली. म्हणाल्या, ‘‘अगं, डॉक्टर दहा दिवस म्हणाले नाहीत, दहाएक दिवस म्हणाले.’’ त्या ‘एक’ला मी केर समजले होते!

नातीचा ‘लाईक’ मात्र निराळा. तो ‘म्हणाली’च्या जागी येतो. ‘शी सेड’ म्हटलं की मैत्रिणीचे शब्द जसेच्या तसे द्यायची जबाबदारी आली. ‘शी वॉज लाईक’मध्ये शब्द, डोळे फिरवणं, खांदे उडवणं सगळं मावतं, कधीकधी तर ती मैत्रीण तोंडाने अवाक्षरही बोललेली नसते. आपल्याकडची मुलंही आता म्हणतात ना, ‘ती अशी की, काहीही काय!’ आणि हे आजच्या पोरांचं खूळ म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेतल्या तरुणांच्या बोलण्यातला हा ‘लाईक’ 1980च्या दशकातच अभ्यासकांच्या कानावर आला होता. तेव्हाची पोरं आज पन्नाशी ओलांडून बसलीत.

‘यू नो’ म्हणजे आपला वाक्याच्या शेवटचा ‘ना’. तो प्रश्न नव्हे, नुसती मान हलवा. ‘अँड स्टफ’ म्हणजे चहाबिहातला ‘बिहा’. आणि ‘थिंगी’ म्हणजे ‘ते हे... काय म्हणतात त्याला’.

साध्या ‘अं’लाही काम असतं. क्लार्क आणि फॉक्स ट्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2002मध्ये मांडलं, की इंग्रजी बोलणारा छोट्या खोळंब्याआधी ‘अ’ म्हणतो आणि मोठ्या खोळंब्याआधी ‘अम्’. म्हणजे ‘थांबा, माझं संपलेलं नाही’ अशी आगाऊ सूचनाच. (ब्रिटिश कादंबऱ्यांत हाच ‘अ’ छापताना ‘ई’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरं जोडतात. आमच्या शाळेत तो मोठ्याने ‘अर्र’ असा वाचायचो! इंग्लंडात बहुतेकांच्या तोंडी त्यातला ‘र’ उमटतच नाही.)

तेव्हा इंग्रजी तुमचं पक्कंच आहे, फक्त ते कागदावरचं आहे. नात बोलेल तेव्हा ‘लाईक’पुढे काय येतंय ते ऐका. आकडा आला तर ‘सुमारे’, नक्कल आली तर ‘म्हणाली’. दोन्ही नसेल तर पोरगी शब्द शोधतेय, शोधू द्या. स्वतः मात्र वापरायला जाऊ नका, पुन्हा हसेल.

प्रश्न : लेस्टरला नोकरीला आल्यापासून साहेबांच्या घरचं हे पहिलंच बोलावणं. निरोप आहे, ‘कम सेव्हनिश, फॉर्टी-ऑड पीपल.’ नेमकं कधी जाऊ? आणि ही ‘ऑड’ माणसं कोण?
– मडगावची एक वाचक

उत्तर : विचित्र कुणी नाही हो, चाळीसच्या वर थोडी माणसं, एवढंच. ‘इश’ म्हणजे सातच्या आसपास, पण पावणेसातला बेल वाजवलीत तर साहेबीणबाई केस वाळवत दार उघडतील. सात-दहाला पोचा.