अमेरिकेत शहराला मिळणारं घरांचं आणि समाजसेवेचं अनुदान कुणाला किती द्यायचं, हे नक्की कोण ठरवतं?

तुम्ही लिहिलंय की तुमची छोटी संस्था एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोच जेवण देते. शहराकडे चाळीस हजार डॉलर मागितले, मिळाले बारा हजार, आणि त्याच यादीत फुटपाथच्या कामाला तीन लाख दिसले. ‘इथेही वशिला लागतो का?’ असं तुम्ही सरळच विचारलंय.

मी आमच्या शहराच्या सल्लागार समितीत तीन वर्षं होते. बिनपगारी काम, अर्ज वाचायचे, गुण द्यायचे, काउन्सिलला शिफारस करायची. वशिला अजिबात चालत नाही असं शपथेवर सांगणार नाही. पण तुमच्या बाबतीत खरं कारण बहुधा बरंच रटाळ आहे: तुम्हाला ज्या पातेल्यातून वाढलं ते पातेलंच लहान होतं.

तुम्ही म्हणताय तो पैसा बहुतेक सीडीबीजीचा, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचा असणार. १९७४ च्या कायद्याने सुट्या सुट्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, योजना एकत्र करून ही एक थैली केली. साधारणपणे ५०,००० च्या वर लोकवस्ती असलेल्या किंवा महानगर क्षेत्राच्या मुख्य शहरांना ती थेट मिळते. किती मिळणार हे सूत्रावर ठरतं, आणि सूत्रं दोन आहेत. एकात लोकसंख्या, गरिबी आणि दाटीवाटीने राहणारी कुटुंबं मोजतात. दुसऱ्यात गरिबी, लोकसंख्यावाढीत मागे पडणं आणि १९४० च्या आधी बांधलेली घरं. ज्यातून जास्त रक्कम येते ती शहराला मिळते. या दुसऱ्या सूत्रात जुन्या घरांना निम्मं वजन आहे. गंमत अशी की जुनं घर पडकं आहे की कोट्यधीशाने नव्यासारखं सजवलंय, याच्याशी सूत्राला देणंघेणं नाही. मोजलं की मोजलं.

आता तुमचं पातेलं. या अनुदानातला जास्तीत जास्त १५ टक्के भाग सेवांवर खर्च करता येतो. जेवण, शाळेनंतरचे वर्ग, समुपदेशन, कायदेशीर मदत, सगळं त्यातच. प्रशासन आणि नियोजनावर कमाल २० टक्के. समजा शहराला दहा लाख डॉलर आले. सेवांना दीड लाख, कार्यालयाला फार तर दोन लाख, आणि उरलेले साडेसहा लाख घरदुरुस्ती, फुटपाथ, निवारागृहाचं छप्पर अशा विटा-सिमेंटच्या कामांना. फुटपाथचं काम रद्द झालं असतं तरी त्यातला एक डॉलरही तुमच्याकडे वळला नसता. तुमची स्पर्धा फुटपाथशी नव्हतीच, त्या दीड लाखासाठी रांगेत उभ्या असलेल्या पंचवीस-तीस संस्थांशी होती.

परवडणाऱ्या घरांसाठी ‘होम’ नावाचा आणखी एक निधी असतो, १९९० च्या कायद्यातून आलेला. तो फक्त घरांसाठी. सीडीबीजीतून नवी घरं बांधणं सहसा बसत नाही, म्हणून नव्या बांधकामाचे अर्ज ‘होम’कडे जातात. तिथे अटी लांबच्या: भाड्याने देण्यासाठी नवी घरं बांधली तर ती सहसा वीस वर्षं परवडणारीच ठेवावी लागतात.

समितीच्या गुणांची संध्याकाळ एकदा तुम्ही पाहायला हवी. लायब्ररीतली खोली, प्रत्येकापुढे अर्जांची जाड फाइल, प्रत्येक संस्थेला बोलायला पाच मिनिटं आणि टेबलाच्या टोकाला शहराच्या स्टाफमधल्या एका बाईंच्या हातात स्टॉपवॉच. पहिल्या वर्षी मी भाषण ऐकून गुण दिले. दुसऱ्या वर्षी शहाणी झाले, आणि एकच प्रश्न सगळ्यांना विचारायला लागले: ‘मागितलेल्यातले निम्मेच मिळाले तर काय कराल?’ बहुतेक जण म्हणायचे, तेवढ्यातही करू. म्हणजे मूळ आकडा फुगवलेला, किंवा विचारच केलेला नाही. एका गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, ‘निम्म्यात एक गाडी बंद ठेवावी लागेल, आणि ती कुठल्या भागातली हे आम्ही आधीच ठरवलंय.’ त्यांना मी सगळ्यात जास्त गुण दिले.

मग येते ती वाटणी. यावर माझं समितीशी कधी जमलं नाही. गुणांची यादी समोर असायची, तरी कुणाला नाही म्हणायचं धाडस होत नसे. शेवटी प्रसादासारखं सगळ्यांच्या हातावर थोडं थोडं. सहा हजार डॉलरसाठीसुद्धा करार, विम्याचे कागद, तिमाही अहवाल आणि तपासणी यातून सुटका नसते. छोट्या संस्थेच्या एका माणसाचा किती वेळ त्यात जातो याचा हिशेब कुणी करत नाही. ‘किमान रक्कम ठरवा, त्याखाली द्यायचं नाही’ असा प्रस्ताव मी मांडला होता. सात विरुद्ध दोन मतांनी पडला. तुमचे बारा हजार मला त्याच जातीचे वाटतात.

आणखी एक गोष्ट अर्जदारांना कुणी सांगत नाही: शहरावरही पैसे संपवण्याचं दडपण असतं. अनुदानाचं वर्ष संपायच्या ६० दिवस आधी, न वापरलेली शिल्लक वार्षिक अनुदानाच्या दीडपटीपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. त्यामुळे स्टाफला फुटपाथ आवडतो. निविदा काढली, काँक्रीट ओतलं, बिल आलं, पैसे गेले. तुमचे पैसे मात्र आधी खर्च करा, मग बिलं लावून परत घ्या, असे येतात. ज्या संस्थेकडे दोन-तीन महिने खिशातून चालवायची ताकद नाही, तिचा जीव तिथेच जातो.

घरांच्या बाजूला तर एका सहीने सगळं जाऊ शकतं. पर्यावरण तपासणीची मंजुरी येण्याआधी अर्जदाराने त्या कामावर पैसे गुंतवायचे नसतात. आमच्याकडच्या एका संस्थेने चांगली जागा हातची जाईल म्हणून घाईने खरेदीचा पक्का करार केला. हेतू शुद्ध, पण अनुदान गेलं.

आता तुमच्या कामाचं. वृद्ध, बेघर, गंभीर अपंगत्व असलेली प्रौढ माणसं, अशा काही गटांना नियमच अल्प-मध्यम उत्पन्नाचे, म्हणजे या पैशाला पात्र, धरतो. म्हणजे शाळेनंतरचे वर्ग चालवणाऱ्यांना प्रत्येक घराचे उत्पन्नाचे कागद गोळा करावे लागतात, तेवढे तुम्हाला लागू नयेत. अर्जात हे ठळक लिहा. वय आणि शहराच्या हद्दीतला पत्ता मात्र प्रत्येकाचा नीट नोंदवून ठेवा, तपासणीला तोच मागतात.

दुसरं, वार्षिक अर्जाच्या आधी एक मोठा आराखडा असतो, तीन ते पाच वर्षांचा, कन्सॉलिडेटेड प्लॅन म्हणतात त्याला. कुठली गरज ‘उच्च प्राधान्य’ हे त्यात लिहिलं जातं, आणि समितीच्या गुणपत्रिकेतला एक रकाना थेट तिथून येतो. त्या आराखड्याच्या सुनावणीला आमच्याकडे एकदा चार माणसं होती, त्यातली दोन स्टाफची. पैसे वाटायच्या रात्री खुर्च्या कमी पडतात. तुम्ही त्या रिकाम्या सुनावणीला जा. जमलं नाही तर आराखड्याच्या मसुद्यावर लेखी सूचना पाठवा. त्यासाठी किमान ३० दिवस द्यावेच लागतात, आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा, न स्वीकारलेल्यांची कारणं, हे शहराला अंतिम आराखड्यात जोडावं लागतं.

आणि एक वाट बहुतेकांना सुचतच नाही. तुमचं स्वयंपाकघर संस्थेच्या मालकीच्या इमारतीत असेल आणि वायरिंग, छप्पर किंवा जमीन खराब झाली असेल, तर त्या दुरुस्तीचा अर्ज सार्वजनिक सुविधेच्या खात्यात करता येतो. ते खातं १५ टक्क्यांच्या बाहेरचं. दोन हजार डॉलरवरच्या बांधकामाला केंद्र सरकारने ठरवलेले मजुरीदर लागतात, त्यामुळे कंत्राटदाराचा अंदाज घेताना त्याला हे आधीच सांगा, नाहीतर आकडा चुकतो. इमारत भाड्याची असेल तर अर्ज भरायच्या आधी स्टाफला फोन करा. त्यांच्यातले बरेच जण मदतीला तयार असतात, फक्त शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी फोन करू नका.