साब: विमानवाल्यांची गाडी, पण विमानाची कितपत?

तुमचे प्रश्न तीन आहेत: ग्रिपेन लढाऊ विमान बनवणारी साब आणि गाड्यांची बुडालेली साब एकच का, गाडीत खरंच विमानाचं काही होतं का, आणि युरोपात स्वस्तात मिळणारी २००२ ची साब ९-५ गाडी घ्यावी का. क्रमाने घेतो.

एकेकाळी एकच होती. १९३७ मध्ये स्वीडनने युद्धाच्या भीतीपोटी ट्रॉलहेटानला विमान कंपनी काढली, दोन वर्षांत ती लिनशोपिंगच्या आस्या या विमान कंपनीशी जोडली गेली आणि मुख्यालय तिकडे गेलं. १९६९ मध्ये ट्रक बनवणारी स्कानिया-वाबिस तिच्यात आली. १९९० मध्ये गाड्यांचा विभाग साब ऑटोमोबील म्हणून वेगळा काढला, त्यातला निम्मा हिस्सा जनरल मोटर्सकडे गेला आणि २००० मध्ये उरलेलाही गेला. १९ डिसेंबर २०११ ला दिवाळं वाजलं ते या वेगळ्या कंपनीचं. विमानवाली साब धडधाकट आहे. भारतीय हवाई दलाच्या १२६ विमानांच्या स्पर्धेत ग्रिपेन होतं आणि २०११ मध्ये बाद झालं, तेही हिचंच.

आता विमानाचा वारसा. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या गाडीत तो खराच होता, पुढच्या बऱ्याच गोष्टी मात्र पैशांच्या चणचणीतून जन्मल्या. जाहिरातवाल्यांनी नंतर सगळंच विमानाच्या खात्यावर टाकलं.

युद्ध संपताना लष्करी मागणी घटणार हे दिसत होतं, म्हणून १९४५ मध्ये गाडीचं काम सुरू झालं. अभियंता गुन्नार ल्युंगस्ट्रम, आरेखन सिक्स्टन सासोन यांचं. दोघेही विमानांच्या कामातले, त्यामुळे वेगळी चासी न ठेवता कवचच भार पेलेल असं अंग, खालून सपाट पत्रा आणि वारा कापणारा आकार या गोष्टी ओघानेच आल्या. या पहिल्या गाडीचा, म्हणजे साब ९२ चा, वायुरोध गुणांक ०.३० च्या आसपास होता. तेव्हाच्या गाड्यांत हे फारच कमी. इंजिन मात्र साधं होतं: दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, ७६४ सीसी, २५ अश्वशक्ती, आडवं बसवलेलं, पुढची चाकं ओढणारं. ही कल्पना जर्मन गाड्यांची कंपनी डीकेडब्ल्यूची, पहिल्या नमुन्यात इंजिनही त्यांचंच होतं. कवच मजबूत राहावं आणि खर्च वाचावा म्हणून सुरुवातीला डिकीला झाकणच नव्हतं. सामान मागची सीट पाडून आत ढकलायचं. झाकण १९५३ च्या ९२बी मध्ये आलं.

टू-स्ट्रोकमुळे एक खास अडचण होती. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, साधारण ३ ते ४ टक्के. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकं इंजिनला जोरात फिरवतात, पण थ्रॉटल बंद असल्याने पेट्रोल जात नाही, म्हणजे तेलही जात नाही. बेअरिंग कोरडी पडतात आणि पिस्टन जाम होतो. उपाय म्हणून फ्रीव्हील दिलं: पाय काढला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि निवांत आयडलवर चालतं. मोबदल्यात इंजिन-ब्रेक मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर. १९६७ च्या मॉडेलपासून फोर्डचं फोर-स्ट्रोक व्ही-४ आलं, तेव्हा याची गरज संपली होती, तरी फ्रीव्हील तसंच राहिलं. (त्या व्ही-४ चा दुखरा भाग म्हणजे फायबरचा टायमिंग गिअर. तो झिजून दात सोडतो. जुनी साब ९६ घेणाऱ्याने धातूचा बसवून घ्यावा.)

पुढच्या साब ९९ गाडीचं इंजिन ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीकडून आलं, ४५ अंशांत कललेलं. साबने ते उलटं बसवलं: क्लच रेडिएटरच्या मागे, गिअरबॉक्स इंजिनच्या पोटाखाली. हीच रचना जुन्या साब ९०० मध्ये गेली आणि तिथे मेकॅनिकची मजा आहे. बॉनेट पुढे उघडायचं, क्लचचं झाकण काढायचं, पेडल दाबून धरून डायफ्रॅम स्प्रिंगच्या कडेला अडकवायची रिंग बसवायची, छोटा शाफ्ट पुढे ओढायचा, मग स्लेव्ह सिलिंडर, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट एकत्रच वर येतात. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. ती रिंग नसेल तर मात्र काम तिथेच अडतं. आणि इंजिनचे पट्टे गेले केबिनच्या बाजूला, त्यामुळे पट्टा बदलायला हात घालणं हा वेगळाच व्यायाम.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, 'जेटमधून आला' हे अर्धसत्यही नाही. मोठं सहा किंवा आठ सिलिंडरचं इंजिन विकसित करायला पैसा नव्हता, घरात स्कानियाचा ट्रक-टर्बोचा अनुभव होता. १९७७ मध्ये दाखवलेल्या ९९ टर्बोने २ लिटरमधून १४५ अश्वशक्ती काढली. खरी हुशारी यात होती की टर्बो छोटा घेऊन कमी आरपीएमलाच जोर मिळवला आणि जास्तीचा दाब वेस्टगेट नावाच्या झडपेने आवरला. पुढे एपीसी प्रणाली आली: ब्लॉकवरचा सेन्सर इंजिनाची नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याची ठकठक, ऐकतो आणि टर्बोचा दाब कमी करतो, म्हणजे कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तरी पिस्टन शाबूत.

बुडण्याचं कारण फार गूढ नाही. सर्वांत चांगलं वर्ष २००६, तेव्हाही विक्री सुमारे १ लाख ३३ हजार. एवढ्यात स्वतंत्र मॉडेलचा खर्च निघत नाही, आणि जनरल मोटर्सने सुबारू आणि शेवरोलेच्या गाड्यांवर साबचा बिल्ला लावून जुने गिऱ्हाईकही दुखावले. २०१० मध्ये डच गाडी कंपनी स्पायकरने साब घेतली, एप्रिल २०११ मध्ये उत्पादन थांबलं. नंतर नव्या मालक कंपनीने, नेव्ह्सने, काही साब ९-३ गाड्या बनवल्या, पण २०१४ मध्ये विमानवाल्या साबने नावाचा परवाना काढून घेतला.

आता तुमची ९-५. १९९९ ते २००३ च्या २.० आणि २.३ पेट्रोल टर्बोमध्ये तेलाचा गाळ होतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऑइल पॅनला चिकटून तापतो आणि क्रँककेसची (इंजिनच्या तळातल्या पोकळीची) हवा नीट बाहेर जात नाही. गाळ पंपाच्या जाळीत अडकला की तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग वाजायला लागतं. ऑइल पॅन उतरवून जाळी पाहू देणार नसेल, तर ती गाडी सोडा. व्हेंटिलेशनचा सुधारित संच बसवलाय का ते विचारा. घेतलीत तर पूर्ण सिंथेटिक तेल, दर ८ हजार किमीला. प्लगच्या वर बसणारी काळी इग्निशन कॅसेट गरम झाल्यावर मरते. एक जादा डिकीत ठेवा, बदलायला काही मिनिटं पुरतात. प्लग एनजीकेचेच घ्या. या गाडीत नॉकिंग प्लगमधूनच मोजली जाते, चुकीचा प्लग बसवला की कॅसेटही लवकर जाते. सुट्या भागांची काळजी मात्र नको: दिवाळखोरीनंतर सुटे भाग पुरवणारी कंपनी ओरिओ नावाने चालू राहिली.