युटाला येणाऱ्या कुटुंबास: चहा, कोक, रविवार आणि शेजारचा वॉर्ड

सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहिले आहे की, पतीची बदली युटा राज्यातील लीहाय येथे झाली असून जुलैमध्ये बारा वर्षांच्या मुलीसह पुण्याहून तिकडे जायचे आहे. तेथे सगळेच मॉर्मन असतात, ते चहासुद्धा पीत नाहीत, रविवारी गाव बंद असते आणि नवख्या माणसाला धर्मांतरासाठी गाठले जाते, असे ऐकल्यापासून तुमचा जीव धास्तावला आहे. मी याच भागात अनेक वर्षे राहते, माझी मुले येथील सरकारी शाळांतून शिकली आणि माझ्या जवळच्या बहुतेक मैत्रिणी याच चर्चच्या आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

या लोकांची खरी ओळख धर्मचर्चेतून होत नाही, तर ते आपापसात हसतखेळत जे लहानलहान वाद घालतात त्यांतून होते. थंड कोक चालतो का, रविवारी पोहायला जावे का, फ्युनरल पोटॅटोज या बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थावर कॉर्नफ्लेक्स पसरावेत की नाही, असे ते वाद असतात. ज्याला हे वाद कळतात आणि त्यांत जो आपुलकीने बसतो, त्याला येथे परकेपणा फार काळ जाणवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी दोन गैरसमज दूर करते. सॉल्ट लेक परगण्यात या चर्चच्या सदस्यांचे प्रमाण २०१८ मध्येच निम्म्याच्या खाली गेले. मात्र लीहाय ज्या युटा परगण्यात येते तेथे ते आजही मोठ्या बहुसंख्येने आहेत, त्यामुळे तुमच्या गल्लीत बहुतेक घरे त्यांचीच असतील. दुसरे म्हणजे बहुपत्नीत्व. चर्चने १८९० च्या जाहीरनाम्यानंतर ते सोडले. आज कोणी तसे लग्न केले तर त्याला चर्चमधून काढून टाकतात, आणि जे लहान गट ही प्रथा पाळतात त्यांचा या चर्चशी संबंध नाही. हा विषय गमतीनेही काढू नये, कारण तो त्यांना दुखावतो. शिवाय २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी चर्चचे ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नाव वापरण्याची विनंती केल्यापासून अनेक सदस्यांना ‘मॉर्मन’ हे संबोधन आवडत नाही. काही वयस्क शेजारी स्वतः ते अजूनही प्रेमाने वापरतात आणि त्यावरही घराघरांत चर्चा होते. तुम्ही ‘चर्चचे सदस्य’ म्हणालात तर कोणालाच खटकणार नाही.

आता चहाकडे वळते, कारण तुमची सर्वांत मोठी चिंता तीच दिसते.

चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३३ मध्ये जो आरोग्यविषयक उपदेश दिला, त्यात मद्य आणि तंबाखूबरोबर ‘गरम पेये’ वर्ज्य सांगितली. गरम पेये म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ पुढे चर्चच्या नेत्यांनी निश्चित केला. त्यामुळे वाफाळते हॉट चॉकलेट चालते, पण बर्फ घातलेला चहा चालत नाही. थंड कॉफी चालत नाही, पण औषधी पानांचा काढा चालतो. वर्ज्य करण्याचे कारण म्हणून मूळ उपदेशात कॅफिनचे नावही नाही, तरीही कित्येक पिढ्या असंख्य घरांनी कोकही निषिद्ध मानला. शेवटी २०१२ मध्ये चर्चने स्पष्ट केले की कॅफिनयुक्त शीतपेयांवर बंदी नाही, आणि २०१७ मध्ये प्रोव्हो येथील चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आवारात कॅफिन असलेला सोडा विकला जाऊ लागला, तेव्हा येथील तरुणाईला मोठाच आनंद झाला होता. २०१९ मध्ये आणखी एक खुलासा आला: ग्रीन टी हाही चहाच आहे आणि ज्या पेयांच्या नावात कॉफीचा प्रकार दडलेला असतो ती सहसा कॉफीच असते. तरीही कोंबुचा (आंबवलेल्या चहाचे पेय), कॅफिन काढलेली कॉफी, कॉफीच्या चवीचे आइस्क्रीम आणि तिरामिसू यांविषयी प्रत्येक घराचा निवाडा वेगळा असतो आणि तो मोठ्या हिरिरीने मांडला जातो.

हा वाद पहिल्यांदा ऐकाल तेव्हा तुम्हाला माहेरचे स्वयंपाकघर आठवेल. उपवासाला कोथिंबीर चालते का, जिरे चालते का, भेंडी चालते का, यावर दोन जावांमध्ये जी चर्चा रंगते, तिचाच हा भाऊबंद आहे. नियमावरील श्रद्धा दोन्हीकडे पक्की असते, चर्चा असते ती फक्त त्याच्या काठाची. म्हणून मी कधीही ‘मग यात तर्क काय?’ असे विचारत नाही. ‘तुमच्या घरी काय पाळतात?’ असे विचारते, आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा खुलतो.

चहा नाही म्हणून जे पेय येथे फोफावले ते म्हणजे ‘डर्टी सोडा’. शीतपेयात नारळाचे सिरप, साय आणि लिंबू घालतात. २०१० मध्ये दक्षिणेकडील सेंट जॉर्ज शहरात स्विग नावाचे दुकान निघाले आणि आज गावोगाव अशी दुकाने आहेत. दुपारी त्यांच्यासमोर मोटारींची रांग लागते. ‘डर्टी’ या नावावरून दोन दुकानदारांत न्यायालयापर्यंत वाद गेला आणि पुढे तो समझोत्याने मिटला. ऑफिसातील मंडळी जेव्हा ‘चल, सोडा आणू’ म्हणतील, तेव्हा तुमच्या पतीने अवश्य जावे. पुण्यात ज्या गप्पा अमृततुल्यच्या बाकावर होतात, त्या येथे गाडीत बसून होतात.

घरी पाहुणे आले तर कोकम सरबत, पन्हे, पीयूष किंवा मसाला दूध द्यावे. गवती चहाच्या पातीचा, आल्याचा उकळलेला काढा देता येतो, पण त्यात चिमूटभरही चहापूड नसावी आणि ती नाही हे आधी सांगावे. हे मी आग्रहाने लिहिते, कारण ‘थोडी टाकली तर काय कळणार आहे’ हा विचार म्हणजे त्यांच्या विश्वासाशी प्रतारणा ठरेल. तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर चहा प्यायलात तर कोणीही भुवया उंचावणार नाही. चहापूड भरपूर आणण्याचीही गरज नाही, सॉल्ट लेक खोऱ्यातील भारतीय किराणा दुकानांत ती मिळते.

जेवणाबाबत शाकाहारी कुटुंबाने काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. कोणाच्या घरी मृत्यू झाला, बाळ जन्मले किंवा कोणी आजारी पडले की चर्चमधील महिलांची रिलीफ सोसायटी घरी जेवण पोहोचवते, आणि त्यात फ्युनरल पोटॅटोज बहुधा असतातच: किसलेले बटाटे, आंबट साय, चीज आणि घट्ट सूप एकत्र भाजलेले. हे सूप पुष्कळदा कोंबडीचे असते, म्हणून विचारून घ्यावे. जेलो हा चकाकणारा गोड पदार्थ २००१ मध्ये युटाचा अधिकृत खाऊ ठरला आणि हिरव्या जेलोत किसलेले गाजर घालावे की नाही यावर आजही दोन तट आहेत. पण जेलो प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचा असतो, तेव्हा तुम्ही दोन्ही तटांपासून दूर राहिलेले बरे. फ्राय सॉस म्हणजे केचप आणि मेयोनेज यांचे मिश्रण. त्यात सहसा अंडे असते. मी माझ्या शेजारणींना एकदा स्पष्ट सांगितले आणि त्यानंतर आमच्यासाठी मश्रूमच्या सुपाचे बटाटे वेगळे येऊ लागले. अडचणीच्या दिवशी डबा आणून देण्याची ही रीत मला या समाजातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

रविवार मात्र नीट समजून घ्या. प्रत्येक वस्तीचा एक वॉर्ड, म्हणजे चर्चची स्थानिक मंडळी, असतो, त्याची हद्द नकाशावर आखलेली असते, आणि त्याचा प्रमुख बिशप हा पगारी धर्मगुरू नसून दिवसा आपली नोकरी करणारा शेजारीच असतो. एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड पाळीपाळीने सभा घेतात आणि बहुधा जानेवारीत वेळा बदलतात. सकाळी नऊची वेळ चांगली की दुपारी एकची, हा वाद लहान मुले असलेल्या आयांनी घालावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. २०१९ च्या जानेवारीपासून तीन तासांच्या सभा दोन तासांवर आल्या. उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न असतो: कोणी दूरचित्रवाणीवर फुटबॉल पाहते, कोणी फक्त फिरायला जाते, कोणी उपाहारगृहात जाणे कटाक्षाने टाळते. मोठी किराणा दुकाने बहुतेक उघडी असतात. लहान स्थानिक दुकाने पुष्कळ ठिकाणी बंद असतात. मुलीचा वाढदिवस रविवारी ठेवू नका, तिच्या निम्म्या मैत्रिणी येणार नाहीत. सोमवारची संध्याकाळही टाळा, कारण ती घरच्यांनी एकत्र बसण्यासाठी राखलेली असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी बहुतेक जण दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. त्या दिवशी दुपारच्या जेवणाचे आमंत्रण देऊ नका.

धर्मांतराविषयी तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. होय, आमंत्रण येईल. काळ्या नामपट्ट्या लावलेले दोन तरुण किंवा दोन तरुणी दारात येतील. मुले दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष घरापासून दूर हे कार्य बिनपगारी करतात. ‘आमचा धर्म आम्हाला प्रिय आहे, पण आपले स्वागत आहे’ असे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगावे. गुळमुळीत उत्तर दिले की त्यांना आशा वाटते आणि तुम्हाला संकोच. आमंत्रण नाकारल्यावर एखादी ओळख थोडी थंडावते, हे मी लपवत नाही, पण ज्या मैत्री टिकतात त्या फार खोल असतात.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी सांगते. साधारण चौदाव्या वर्षापासून शाळेच्या वेळापत्रकातील एक तास मोकळा ठेवून चर्चची मुले शेजारच्या इमारतीत धर्मशिक्षणाला जातात. त्याला सेमिनरी म्हणतात आणि ही पद्धत सॉल्ट लेकमधील ग्रॅनाइट हायस्कूलपाशी १९१२ मध्ये सुरू झाली. त्या तासाला तुमची मुलगी दुसरा विषय घेईल. तेव्हा आपण वेगळे आहोत असे तिला वाटण्याचा संभव आहे, म्हणून आधीच तिच्याशी बोलून ठेवा. दुसरी गोष्ट भाषेची. येथील मुले देवाचे नाव उद्गार म्हणून घेत नाहीत. ‘ओ माय गॉश’ म्हणतात, आणि राग आला तर ‘हेक’, ‘फ्लिप’ किंवा ‘फेच’ म्हणून मोकळी होतात. असे सौम्य शब्द वापरणेही योग्य की अयोग्य यावर त्यांचे वाद चालतात; तुमच्या मुलीने फक्त देवाच्या नावाचे भान राखावे. मुलामुलींनी जोडीने फिरायला जाणे बहुतेक घरांत सोळाव्या वर्षानंतरच मान्य असते, आणि पुण्याच्या आईला हे ऐकून बरेच वाटेल.

ज्यावर ते स्वतः हसतात त्यावर तुम्हीही हसा, पण मंदिर आणि मंदिरातील विधी केलेले सदस्य पवित्र मानून घालतात ती अंतर्वस्त्रे यांवर कधीही नको. रविवारच्या सभेला कोणीही जाऊ शकते. मंदिराचे समर्पण झाल्यावर मात्र तेथे चर्चचे अनुज्ञापत्र असलेल्या सदस्यांनाच प्रवेश असतो, त्यामुळे लग्नाचे निमंत्रण आले तर ते बहुधा स्वागतसमारंभाचे असेल, आणि विधीला बोलावले नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षे बांधलेले सॉल्ट लेकचे मंदिर सध्या मोठ्या जीर्णोद्धारासाठी बंद आहे आणि २०२७ मध्ये समर्पणापूर्वी ते काही महिने सर्वांना पाहता येईल असे जाहीर झाले आहे. ती संधी सोडू नका.

आपल्या सणांचीही चिंता नको. साउथ जॉर्डन येथे गणपतीचे मंदिर आहे. लीहायहून दक्षिणेला स्पॅनिश फोर्क येथील राधाकृष्ण मंदिरात वसंतात रंगांचा उत्सव होतो आणि त्यात हजारोंनी येणाऱ्यांत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. मद्य नसलेला उत्सव त्यांनाही मोकळेपणाने साजरा करता येतो.

सामान उतरवण्याच्या दिवशी न बोलावता आठ-दहा अनोळखी पुरुष खोकी उचलायला आले तर घाबरू नका. वॉर्डातील पुरुषांचा गट नव्या शेजाऱ्याला अशी मदत करतो, आणि आपण धर्मकार्य करतो की हमाली, असे ते एकमेकांना गमतीने विचारत असतात. त्यांना पैसे देऊ नका, थंड पन्हे द्या. आणि तारीख सांभाळा: २४ जुलैला, चर्चचे तेव्हाचे नेते ब्रिगहॅम यंग यांच्याबरोबरचे पहिले वसाहतकार १८४७ मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचले त्या स्मरणार्थ, राज्यात सुट्टी असते, मिरवणूक निघते आणि सरकारी कार्यालये बंद राहतात, तेव्हा घराच्या किल्ल्या आणि विजेची जोडणी यांची कामे त्याच्या आधीच उरकून घ्या.