पेपर वाचून झाला, पेटंटचा अर्ज राहिला

सांगली जिल्ह्यातल्या एका मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याचं पत्र आहे. तिसऱ्या वर्षाला असताना त्यांनी आणि एका वर्गमैत्रिणीनं उसाच्या कांडीतून डोळा (जिथून कोंब फुटतो तो भाग) काढायचं हातयंत्र बनवलं. गेल्या वर्षी 14 मार्चला दुसऱ्या एका कॉलेजातल्या राष्ट्रीय परिषदेत त्यावर पेपर वाचला आणि बक्षीसही मिळवलं. आता शेतीची अवजारं बनवणारे एक कारखानदार चौकशी करतायत आणि त्यांचा पहिलाच प्रश्न आहे, पेटंट आहे का? गाइड सर म्हणतात, एक वर्षाची सवलत असते, मार्चच्या आत करून टाकू. सीनियर म्हणतात, पेपर वाचलात तिथेच पेटंट गेलं. खरं कोणाचं?

विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेच्या फेऱ्या आटोपल्या की अशी पत्रं दरवर्षी येतात. यंत्र वेगळं, कॉलेज वेगळं, चूक तीच. म्हणून पेटंट म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही.

सीनियर आणि सर, दोघंही अर्धे बरोबर आहेत. शोध जगासमोर मांडला की त्याचं नावीन्य संपतं, हा नियमच आहे. त्याला अपवाद आहे पेटंट कायदा, 1970 च्या कलम 31 मध्ये. खऱ्या संशोधकानं स्वतः एखाद्या विद्वत्संस्थेपुढे पेपर वाचला, किंवा त्याच्या संमतीनं तो त्या संस्थेच्या अहवालात छापला गेला, तर वाचल्यापासून किंवा छापल्यापासून बारा महिन्यांच्या आत केलेला अर्ज त्या कारणानं बाद होत नाही. सरांनी यातलं 'वाचल्यापासून' एवढंच धरलंय. तुमचं सगळं प्रकरण 'किंवा छापल्यापासून' यावर उभं आहे.

पत्रासोबत तुम्ही परिषदेची सारांश-पुस्तिका पाठवलीत, ते फार बरं केलंत. पुस्तिकेचा ईमेल 20 फेब्रुवारीचा आहे आणि त्याच दिवशी ती परिषदेच्या वेबसाइटवर टाकल्याचं त्यात लिहिलंय. म्हणजे तुम्ही मंचावर उभे राहण्याच्या तीन आठवडे आधी. सारांशात 'सुधारित यंत्र विकसित केले' एवढंच मोघम असतं तर मी 14 मार्च धरायला तयार झाले असते. पण चौथ्या ओळीत तुम्ही पात्याचा कोन दिलाय, पातं अर्धगोल असल्याचं सांगितलंय आणि परतीची स्प्रिंग मुठीच्या आत बसवल्यामुळे कांडी फुटत नाही, हेही लिहून टाकलंय. कारखानदाराला जे विकत घ्यायचंय ते नेमकं हेच. एवढ्या वर्णनावरून ईश्वरपूरचा (म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरचा) कुठलाही चांगला फॅब्रिकेटर ते यंत्र बनवू शकेल.

त्यामुळे तुमची मुदत मी 20 फेब्रुवारीपासून मोजते. हे लिहितेय तेव्हा जानेवारीचा शेवटचा आठवडा चालू आहे. मार्चचा विचार डोक्यातून काढा. अर्ज 19 फेब्रुवारीपर्यंत दाखल झालेला हवा, 20 तारखेवरही विसंबू नका. ही मुदत कायद्याच्या कलमातच आहे, उशीर माफ करण्याचा अर्ज करून ती वाढवून मिळेल अशी आशा ठेवू नका.

दुसरी अडचण मला पूर्ण सोडवता येणार नाही. सवलत 'विद्वत्संस्थे'पुढच्या वाचनाला आहे आणि ती कोणाला म्हणायचं याची व्याख्या कायद्यात नाही. परिषद भरवणारी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही 1920 पासूनची संस्था असेल तर कोणी फारसा वाद घालणार नाही. नोंदणी शुल्क घेऊन हॉटेलात परिषदा भरवणारी खासगी कंपनी असेल तर मी सवलतीच्या भरवशावर अर्ज करा असं सांगणार नाही. तुमची परिषद मधली आहे: कॉलेजचा विभाग, एका अभियंता संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सहकार्यानं. माझ्या मते युक्तिवाद उभा राहतो. पेटंट कार्यालयाचा तपासनीस तो मान्य करेलच असं नाही. शिवाय पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो आणि तुमची पुस्तिका शोधायला त्याला पाच मिनिटं पुरतील. म्हणून त्या सहकार्याचा लेखी पुरावा आजच गोळा करा. परिषदेचं पत्रक, निमंत्रणपत्रिका, संघटनेचा शिक्का असलेलं प्रमाणपत्र, जे मिळेल ते.

2024 च्या नियमदुरुस्तीपासून ही सवलत मागायला फॉर्म 31 आहे आणि त्याचं शुल्क वेगळं आहे. वर्षभरापूर्वी, पेपर पाठवायच्या आधी, प्रोव्हिजनल (पूर्ण तपशिलाआधीचा प्राथमिक) अर्ज केला असतात तर ऑनलाइन 1,600 रुपयांत तारीख पक्की झाली असती आणि या सवलतीची गरजच पडली नसती. परिषदेची नोंदणी, राहणं आणि एसटीचं भाडं मिळून तुमचा खर्च यापेक्षा जास्त झाला असेल. 'आधी पेपर, मग पेटंट' असं सांगणाऱ्या प्रत्येक गाइडला माझी कळकळीची विनंती आहे की हा क्रम उलटा करा. नुकसान पोरांचं होतं.

आताही प्रोव्हिजनल अर्जच करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. मात्र तो पेपरची नक्कल असू नये. पात्याचा कोन अमुक ते तमुक, स्प्रिंग आत किंवा बाहेर, मूठ लाकडी किंवा लोखंडी, असे सगळे पर्याय आकृत्यांसह घाला. कृषिपद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, यंत्राला मिळू शकतं, तेव्हा वर्णन अवजाराचं करा, लागवडीच्या तंत्राचं नको. ऑनलाइन अर्जाला डिजिटल सही लागते. ती वेळेत जमली नाही तर मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात कागदावर अर्ज देता येतो, शुल्क 1,750.

अर्जात नावं कोणाची, हेही तुम्ही विचारलंय. ज्यांच्या डोक्यातून ती रचना निघाली त्यांची. तुमची आणि मैत्रिणीची तर हवीतच. सरांनी स्प्रिंगची जागा सुचवली असेल तर त्यांचंही. केवळ गाइड म्हणून सही केली असेल तर नाही. कॉलेजचं नाव अर्जदार म्हणून घालायला सांगितलं तर प्रवेशाच्या वेळी तुम्ही काय सही केलीय आणि कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण काय म्हणतं, ते वाचल्याशिवाय मी काही बोलणार नाही. ते मला पाठवलेलं नाही. हक्क सोडायचे तर ते लेखी करारानंच, तोंडी 'होय सर' म्हणून नाही.

कॉपीराइट हस्तांतरणाच्या फॉर्मवर सही केली म्हणून घाबरलात. तो पेपरच्या मजकुरापुरता आहे. यंत्र त्यानं गेलं नाही.

परदेशाचं म्हणाल तर युरोप गेला, तिथे अशा पेपरला सवलत नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर वर्षभराची मुभा आहे, पण खर्च पाहता कारखानदार भार उचलणार असतील तरच तो विषय काढा.

कमी पैशात 'पेटंट पब्लिश' करून देतो म्हणणारे एजंट तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर असतील. अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे, ते अर्जाच्या तपासणीनंतरच मिळतं.

अर्जाची पावती हातात येईपर्यंत तीन गोष्टी थांबवा. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव अहवाल, विभागात जमा करू नका, कारण लायब्ररीच्या कपाटात गेलेली प्रतही प्रकाशनच ठरू शकते. पुढच्या महिन्याच्या प्रोजेक्ट स्पर्धेत यंत्र उघडून दाखवू नका, ती सवलत स्पर्धांना आपोआप लागू नाही. आणि कारखानदारांना भेटायचंच असेल तर आधी गोपनीयतेच्या करारावर त्यांची सही घ्या. पुस्तिकेत आहे तेवढं त्यांना कळलं तर ते थांबवता येणार नाही, पण गेल्या दहा महिन्यांत तुम्ही त्या स्प्रिंगमध्ये जी सुधारणा केलीय, ती अजून कुठेही छापलेली नाही. ती याच अर्जात घाला.