डेमो नको, गेल्या वर्षीचा एक वर्ग टाकून बघा

प्रश्न : नमस्कार ताई, मी शिक्षिका आहे. यंदा प्रगतिपुस्तकांसाठी सॉफ्टवेअर शोधायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवलंय. आतापर्यंत एक्सेलची एकच फाइल सगळ्यांच्या हातून फिरायची आणि निकालाच्या आदल्या रात्री कोणाकडची फाइल खरी यावरून वाद व्हायचे. तीन कंपन्यांचे डेमो बघितले, तिन्ही छान वाटले. मग भरवशाचं कोणतं हे ओळखायचं कसं?

उत्तर : डेमोत छानच दिसणार हो, कारण त्यातली मुलं त्यांनीच बनवलेली असतात, तिथे कोणी आजारी पडत नाही, कोणी अर्ध्या वर्षात शाळा बदलत नाही, आणि नावं सगळी सुटसुटीत. तुम्ही गेल्या वर्षीचा तुमचा सगळ्यात किचकट वर्ग घ्या, मुलांची खरी नावं बदला (खरी माहिती ट्रायलसाठी कुणाच्या हातात देऊ नका), ते मार्क तिन्ही सिस्टिममध्ये टाका, आणि निघालेली प्रगतिपुस्तकं जुन्या छापील प्रगतिपुस्तकांशी एकेक ओळ लावून ताडून बघा. दोन दुपारी जातील पण कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

सगळ्यात आधी गैरहजर मुलांचं बघा. समजा एका मुलीला दोन चाचण्यांत 60 आणि 70 मिळाले आणि तिसरीला ती नव्हती. गैरहजेरी वगळली तर सरासरी 65, आणि सिस्टिमने रिकामी जागा शून्य धरली तर थेट 43.33! मी वर्गशिक्षिका असताना हे माझ्याच वर्गात घडलंय, तापाने घरी असलेल्या मुलीच्या कागदावर ‘अधिक प्रयत्नांची गरज’ असं छापून आलं, तिची आई तो कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि मला काय बोलावं सुचेना. म्हणून ‘गैरहजर’, ‘शून्य’ आणि ‘मार्क अजून भरलेले नाहीत’ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नसतील तर ते सॉफ्टवेअर तिथेच सोडा, बाकी कितीही देखणं असो.

मग राउंडिंग. आपण शाळेत .5 ला वर नेतो, पण काही प्रोग्रॅम जवळच्या सम संख्येकडे नेतात, म्हणजे 34.5 चे 34 होतात आणि 35.5 चे 36. पास व्हायला 35 लागत असतील तर एका मुलाचा निकालच फिरला. शिवाय आधी प्रत्येक विषय राउंड करून बेरीज होते की बेरीज करून शेवटी राउंड, हेही विचारा. दोन विषयांत 34.5 असतील तर एका पद्धतीने 70 होतात, दुसरीने 69. नियम शाळेने ठरवायचा आणि सिस्टिमने पाळायचा, उलटं नाही.

मराठी नावं तर मुद्दाम अवघड घ्या, मृण्मयी, ज्योत्स्ना वगैरे, आणि पीडीएफ मोबाइलवर उघडून बघा, कॉम्प्युटरवर नीट दिसणारी जोडाक्षरं तिथे फुटलेली असू शकतात. शेऱ्याच्या चौकटीला अक्षरांची मर्यादा असेल तर मात्रा आणि हलन्त पण मोजले जातात बरं का, एकट्या ‘मृण्मयी’चे युनिकोडमध्ये (कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत) 7 होतात, त्यामुळे शेरा मध्येच तुटून छापला जातो आणि सिस्टिम चकार शब्द काढत नाही. तयार शेरे असतील तर मुलीच्या कागदावर ‘तो मन लावून अभ्यास करतो’ येत नाही ना तेही बघा.

एक्सेलमधून डेटा आणताना हजेरी क्रमांक 007 चा 7 होतो, तुकडी ‘5-2’ लिहिली तर तिची तारीख बनते. याला हलकं घेऊ नका, एक्सेल ‘मार्च1’सारख्या नावांच्या तारखा करतं म्हणून 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावंच बदलून टाकली!

तुमचा खरा त्रास मात्र एका फाइलवर अनेक हात हा आहे, तर त्याची परीक्षा अशी घ्या. दोन शिक्षिकांनी दोन फोनवरून एकाच मुलाचे मार्क एकाच वेळी बदलायचे, आणि मार्क भरताना मध्येच नेट बंद करायचं. शेवटी कोणाचे मार्क राहिले, आधीचे काय होते, कोणी किती वाजता बदलले, हे सगळं दिसलं पाहिजे. निकाल पक्का झाल्यावर कुलूप लागलं पाहिजे, आणि नंतर कोणी उघडलं तर त्याची नोंद राहिली पाहिजे.

बॅकअप आहे का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ट्रायलमधला एक वर्ग डिलीट करा आणि त्यांना म्हणा, आता परत आणून दाखवा. आणि सोडून जायची वेळ आली तर सगळे मार्क नि शेरे सीएसव्हीमध्ये (एक्सेलसारख्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारी साधी फाइल) मिळतील का, करार संपल्यावर किती दिवस मिळतील, हे लेखी घ्या. नुसत्या पीडीएफ देणार असतील तर पुढच्या सिस्टिमसाठी सगळं पुन्हा हाताने टाइप करत बसावं लागेल.

माझा कल विचाराल तर जी कंपनी ‘हे आमच्याकडे होत नाही’ असं सरळ सांगते तिच्याकडे. निवडलं तरी पहिलं सत्र एकाच इयत्तेला वापरा, जुनी एक्सेल शेजारी चालू ठेवा, आणि चूक निघाल्यावर त्यांनी किती वेळात फोन उचलला ते प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा.