वेल माजलाय, रताळी बोटाएवढी

प्रश्न : साहेब नमस्कार, आमचं रान चंदगडकडं, तांबडी माती नि पाऊस धो धो. रताळ्याचा वेल बांधाबाहेर गेलाय पण उकरून बघितलं तर बोटाएवढी मुळं. एकरी एक पोतं डीएपी नि दोन पोती युरिया दिलाय. दुकानदार म्हणतोय पोटॅश टाका. तीन महिने झालेत, आता टाकू का? गुऱ्हाळाची राख फुकट मिळती, ती चालंल का?

उत्तर : दादा, हिशोब बघा. एका पोत्यात डीएपीचं नत्र 9 किलो, दोन पोती युरियाचं 41, झालं 50 किलो नत्र आणि पालाश, म्हणजे दुकानदार म्हणतोय ते पोटॅश, शून्य! उसाला टाकतो तसा युरिया टाकला की वेल माजणारच. पानात साखर तयार होती, ती खाली मुळात नेऊन तिचा स्टार्च करायच्या कामात पालाश लागतंय, ते नसलं तर सगळा जोर वरच राहतो. खालची जुनी पानं कडेनं पिवळी पडून करपल्यागत दिसतायत का बघा, तीच खूण. नदीकाठच्या काळ्या रानात पालाश मुळातच बरं असतंय म्हणून तिथल्यांचं खपून जातं, तुमच्या तांबड्या मातीत ते टिकत नाही, पावसात वाहून जातं.

आता टाकून पैसे घालवू नका, महिन्याभरात काढणीच हाय. पुढच्या लावणीला डीएपी तेवढंच, युरिया एकच पोतं आणि म्युरेट ऑफ पोटॅश (दुकानातलं साधं पोटॅश खत) एक पोतं, त्यात 30 किलो पालाश येतंय म्हणजे नत्राएवढंच झालं. अर्धं लावताना, अर्धं महिन्यानं भर लावताना. त्याआधी माती तपासा, आणि जास्त टाकलं की जास्त पोसतंय असं नाही, पालाश फार झालं तर पिकाला मॅग्नेशियम उचलता येत नाही. रताळं पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यावर मात्र पोटॅशचा इलाज नाही, कोण सांगत असंल तर ऐकू नका.

बटाटा करणाऱ्यांनीही हे वाचावं, पालाश कमी पडलं की काढताना मार लागलेला बटाटा आतून काळा पडतो. पण चिप्ससाठी बटाटा असंल तर म्युरेट भरमसाट नको, त्यातल्या क्लोराइडनं स्टार्च कमी होतो, तिथं सल्फेट ऑफ पोटॅश बरं, महाग असलं तरी.

राहिली राख. गुऱ्हाळात जळतं ते चिपाड, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा; त्याच्या राखेत बहुतेक सिलिकाच, पालाश थोडंसंच. फुकट मिळती तर टाका की, पण पोटॅशच्या बदली धरू नका आणि युरियात कालवू तर अजिबात नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातंय.